पटांगणातून बाकावर

२१ जूनला योग दिन येतो तेव्हा मृग सरून आर्द्रा लागायच्या बेतात असतं. कोकणातल्या आगरदांड्यात हे ऐन पावसाचे दिवस. सर आली की राजपुरीच्या खाडीपलीकडची दिघीसुद्धा दिसेनाशी होते, तिथे पटांगणाची काय कथा! जगासाठी हा दिवस ठरवणाऱ्यांना कोकणातला जून आठवला नसावा. मग अशा दिवशी योग वर्गातच करायचा: बाकं भिंतीला सरकवायची, सतरंजी अंथरायची आणि दहा-पंधरा मिनिटांत आटपायचं.

ही आटोपशीर रीत थेट ऋषिमुनींकडून आली, असं आपण धरून चालतो. तिच्या वंशावळीत मात्र संस्थानिक, आखाडे आणि सरकारी समित्याच जास्त भेटतात.

ठळक पूर्वज म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सँडो या युरोपीय पहिलवानाच्या पद्धतीने त्यांनी कित्येक वर्षं मेहनत केली, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांचेच झाले. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. गंमत अशी, की हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात पंधरा आसनं आहेत, सूर्यनमस्कार नाहीत. राजेसाहेबांच्या लेखी सूर्यनमस्कार हा व्यायाम होता. शाळांच्या तो पचनी पडला, कारण साधनं लागत नाहीत, जागा हातभर पुरते आणि नमस्कार मोजता येतात.

दुसरी शाखा लोणावळ्याची. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि यौगिक क्रिया प्रयोगशाळेत नेऊन क्ष-किरणांखाली तपासल्या. पुढे मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही ते होते. तिथे अडचण वेगळीच: आसन करायचं संथपणे, ज्याच्या त्याच्या श्वासाच्या बेताने, वर्गात मात्र मुलं ढीगभर आणि मास्तर एक. त्यांच्या ‘यौगिक संघव्यायामा’ने यावर तोड काढली. आसनांचे टप्पे पाडले आणि ते हुकमावर, आकड्यांवर बसवले. मला या साऱ्या इतिहासातली खरी कलाटणी हीच वाटते. आज बाई ‘एक, दोन, तीन’ म्हणतात, तो आवाज कवायतीचा आहे. त्यात योगाचं थोडं नुकसान झालं, पण त्यावाचून तो शाळेच्या फाटकाबाहेरच राहिला असता.

आगरदांडा मात्र तेव्हा ना औंधमध्ये होतं, ना मुंबई प्रांतात; ते सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होतं. १९४८ मध्ये औंध आणि जंजिरा दोन्ही मुंबई प्रांतात विलीन झाली आणि दोन्हीकडच्या शाळा एकाच सरकारच्या हाताखाली आल्या.

डोळे मिटून नुसता श्वास पाहायचा, हा भाग तिसऱ्याच घरचा. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतलं आनापान राज्यातल्या शाळांमध्ये ‘मित्र’ उपक्रमातून पोचलं. त्याला ना सतरंजी लागते, ना गणवेश सैल करावा लागतो.

असं बाकावर बसून करणं सोयीचं ठरलं त्याला शाळेत दुपारी मिळणारी खिचडीही कारण आहे. आसनं रिकाम्या पोटी करायची असतात, म्हणून ती परिपाठाला जोडूनच घ्यावी लागतात. मुलं पेंगतात ती दुपारी, जेवण झाल्यावर. त्या तासाला सर्वांगासन सांगणारा मास्तर पालकांच्या शिव्या खाईल. तेव्हा बाकावर बसल्याबसल्या मान, खांदे, मनगटं आणि चार दीर्घ श्वास, एवढंच घ्यायचं आणि गणिताचं पुस्तक उघडायचं.