सायकलस्वार, मोटार आणि अपघाताची जबाबदारी

30 मे 1896 रोजी न्यूयॉर्क शहरात एका मोटारगाडीने सायकलवरून जाणाऱ्या एका बाईंना धडक दिली. बाईंचा पाय मोडला. गाडी हाकणाऱ्याला ती रात्र कोठडीत काढावी लागली. अमेरिकेतील पहिला मोटार-अपघात म्हणून सामान्यतः याच घटनेकडे बोट दाखवितात. मोटार रस्त्यावर आली न आली तोच सायकल तिच्या तावडीत सापडली, आणि 'चूक कोणाची?' हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मागे लागला आहे.

प्रश्न वरवर पाहता अगदी न्यायाचा. ज्याची चूक त्याने भरावे, यात वावगे ते काय? परंतु मी कामगार संघटनेत वाढलेला माणूस आहे. कायदा शिकलो तो भरपाईचे अर्ज लिहिता लिहिता. आणि हा प्रश्न रस्त्याच्या आधी कामाच्या जागी विचारला गेला होता, हे मला ठाऊक आहे. 1837 साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराने मालकावर फिर्याद केली. माल बेसुमार भरलेली गाडी मोडून त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले, पण वरच्या न्यायाधीशांनी ते काढून घेतले. कारण काय? तर गाडी धोक्याची आहे हे मालकाइतकेच नोकरालाही कळत होते. त्याने बसायला नको होते! खाटकाच्या पोराने मालकाला नकार द्यावा, ही अपेक्षा करणारे न्यायमूर्ती किती भाबडे असतील, याचा विचार आपणच करावा.

पुढे साठ वर्षे तेथील कामगार 'चूक मालकाची' हे सिद्ध करण्यात रक्त आटवीत राहिला. 1897 च्या इंग्रजी कायद्याने आणि आपल्याकडे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रश्नच बदलला. काम करताना, कामामुळे इजा झाली काय, एवढेच प्रथम पाहावयाचे. दारूच्या अंमलाखाली असणे, जाणूनबुजून नियम मोडणे असे मोजके अपवाद ठेवले. यंत्र ज्याचे, नफा ज्याचा, त्या यंत्राच्या धोक्याचा खर्चही त्याचा, हे त्यामागचे तत्त्व.

रस्त्यावर हे तत्त्व ज्या देशांनी आधी आणले त्यांत हॉलंड आहे. सायकलस्वाराला मोटारीची धडक बसली तर मोटारवाल्याची जबाबदारी गृहीत धरावयाची आणि अपघात अटळ होता हे त्यानेच सिद्ध करावयाचे, असा तेथील कायदा फार जुना आहे. आज तो 1994 च्या वाहतूक कायद्यात कलम 185 म्हणून आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1990 पासूनच्या निकालांनी तो आणखी नेमका केला. चौदा वर्षांखालील मुलाला, त्याने मुद्दाम वा जवळजवळ मुद्दाम म्हणावे असे काही केले नसेल, तर पूर्ण भरपाई. मोठ्या सायकलस्वाराची चूक असली तरी, असाच अपवाद सोडून, निदान निम्मी.

याचा अर्थ 'हॉलंडात मोटारवाला नेहमीच गुन्हेगार' असा काही लोक लावतात, तो बरोबर नाही. शिक्षेचा खटला वेगळा. तेथे गुन्हा सिद्ध करावाच लागतो. येथे प्रश्न पैशाचा आहे, आणि तो पैसा बहुधा विमा कंपनी देते.

पण या कायद्याने अपघात थांबले काय? मुळीच नाही. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे 3300 माणसे मेली आणि त्यांत 400 हून अधिक मुले होती. भरपाईचा कायदा तेव्हाही होताच! त्याच वर्षी मुलगी गमावलेल्या विक लांगेनहॉफ या पत्रकाराने 1972 मध्ये 'मुलांच्या हत्या थांबवा' या मथळ्याने लेख लिहिला. त्यातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली, आयाबापांनी रस्ते अडविले. 1973 च्या तेलटंचाईनेही सरकारचे डोळे उघडले. मग सायकलींचे वेगळे मार्ग आले, वस्तीतल्या गल्ल्यांत मोटारीने माणसाच्या चालीने जावे असा नियम 1976 मध्ये आला, पुढे ताशी 30 किलोमीटरची क्षेत्रे आली. मृत्यू कमी झाले ते या बांधकामाने व वेगमर्यादेने. कारखान्यातही हेच घडले नाही काय? बोटे तुटल्यावर पैसे मिळाले ते 1923 च्या कायद्याने. बोटे वाचली ती यंत्राच्या फिरत्या भागाला कठडा घातल्यावर, आणि तो घालणे 1948 च्या कारखाने कायद्याने मालकावर बंधनकारक केले.

आपल्याकडे रस्त्याचा कायदा मागून आला. हयगय सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली म्हटले. 1982 च्या दुरुस्तीने, चूक न पाहता, मृत्यूबद्दल 15,000 रुपये मिळू लागले. 1994 मध्ये ते 50,000 झाले. 2019 ची दुरुस्ती या बाबतीत 1 एप्रिल 2022 पासून अमलात आली, आणि आता कलम 164 प्रमाणे मृत्यूस पाच लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख मिळतात. त्याहून अधिक मागावयाचे तर हयगयीचा जुना वाद पुन्हा सुरू होतो. सायकलीला मागे लाल काच होती काय, ती रस्त्याच्या कोणत्या बाजूस पडली, हे पंचनाम्यात येते. त्या वेळी सायकलवाला मात्र रुग्णालयात असतो, आणि जागेवर बोलायला मोटारवालाच उरतो. कलम 164 च्या अर्जात चूक कोणाची हे लिहावेच लागत नाही. हे आपल्या गल्लीतल्या दूधवाल्याला आणि पेपर टाकणाऱ्या पोराला कोणीतरी सांगितले पाहिजे.