पायदान नसलेला गायक

मंडळी, अमेरिकेत गावाकडच्या गाण्यांचीही वेगळी यादी असते. 'बिलबोर्ड' १९४४ पासून ती छापत आलं आहे. आपल्याकडे १९५२ पासून बिनाका गीतमाला होती, पण ती हिंदी सिनेमाच्या गाण्यांची. मराठी लोकगायकाला पायदान कुठलं मिळणार?

तरी प्रल्हाद शिंदे किती चालले, हे आमच्या नगर जिल्ह्यात कुणीही सांगेल. मढीच्या यात्रेत एका दुकानातून दुसऱ्यात जाईपर्यंत 'चंद्रभागेच्या तीरी' दोनदा कानावर यायचं. आधी तबकड्या होत्या. ७८ च्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं, आणि वाजवायचं यंत्र घरोघर कुठलं? त्यामुळे काय वाजणार ते लाउडस्पीकरवालाच ठरवायचा! १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि गाणं ट्रकमध्ये, रसवंतीवर, पानटपरीत शिरलं. त्याच लाटेत त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद 'नवीन पोपट' घेऊन आले. आम्ही शिक्षक मंडळी नाकं मुरडत होतो, पोरं मात्र वर्गात गुणगुणत होती.

मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. भीमगीतं गाणाऱ्या या आंबेडकरी गायकाचा आवाज पहाटे देवळाच्या कर्ण्यावरून गावभर जायचा. विठ्ठलाचं, गणपतीचं गाणं म्हटलं की तोच आवाज. आणि त्याच काळात कित्येक गावांत वस्तीतली माणसं देवळाच्या पायरीशीच थांबवली जात. गाणं आत, माणूस बाहेर. असो.

जून २००४ मध्ये ते गेले. आता नातू आदर्श गातो. गणपतीत मांडव उभा राहिला की आमच्या गल्लीत पहिलं गाणं अजून आजोबांचंच लागतं.