वायुनळ (व्हेंट पाइप)

वायुनळ : सांडपाण्याच्या नळांतील हवेचा दाब समतोल राखणारा, छतावर उघडणारा नळ. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये वाकड्या नळाच्या शौचकूपाचे एकस्व घेतले. वाकात साठलेले पाणी दुर्गंधी अडवते (पहा : जलबंध). मात्र उभ्या नळातून पाणी वेगाने कोसळले, की मागे हवेचा दाब घटतो व जलबंध ओढला जातो. वायुनळातून हवा आत आल्याने तो टिकतो. म्हणून न्हाणीघराची नळजोडणी बदलताना वायुनळाची आखणी फरशी बसवण्यापूर्वीच व्हावी. नंतर भिंत फोडावी लागते. आरंभ शौचकूपापासून करणे श्रेयस्कर : त्याचा सुमारे १०० मिमी. व्यासाचा नळ उतारासह लादीखाली मावला पाहिजे (पहा : न्हाणी ट्रॅप, मलनिःसारण). वायुनळाचे जाळीदार टोपीचे तोंड खिडक्यांपासून दूर व उंच ठेवतात.