वऱ्हाड आणि ‘बाथ’चा किताब

अकोल्यास जठारपेठेंत आमच्या घरीं वडीलधारी मंडळी संध्याकाळीं ओसरीवर बसली आणि वऱ्हाडच्या जुन्या कारभाराची गोष्ट निघाली, म्हणजे एक कोटि हटकून ऐकूं येई. इंग्रज सरकारानें हैदराबादच्या निजामास ‘जी. सी. बी.’ हा किताब दिला. त्या तीन अक्षरांचा अर्थ काय? तर ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ह्यानें कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलें! मंडळी हंसत, आणि आम्ही मुलेंहि हंसत असूं. पुढें इतिहास वाचूं लागल्यावर मात्र त्या किताबाचा आणि वऱ्हाडच्या मातीचा संबंध ह्या कोटीहून शंभर वर्षांनीं जुना आहे असें दिसून आलें.

‘बाथ’ म्हणजे स्नान. इंग्लंडांत पूर्वीं सरदारकीची दीक्षा घेणाऱ्यास आधीं स्नान घालून शुद्ध करीत. त्यावरून पहिल्या जॉर्ज राजानें १७२५ सालीं स्थापिलेल्या ह्या सन्मानास तें नांव मिळालें. आपल्याकडे अवभृथस्नान यज्ञ संपल्यावर असतें. तिकडे तें आरंभींच उरकीत, एवढाच फरक.

हा किताब वऱ्हाडच्या वाटेस प्रथम आला तो १८०४ सालीं. त्यापूर्वीं वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले ह्या दोघांचा एकाच मुलखांतून वसूल चाले; लोक त्यास दोअमली म्हणत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें आर्थर वेलस्लीनें भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनीं देवगांवच्या तहानें रघूजी भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील हक्क संपला. तो मुलूख इंग्रजांनीं आपला दोस्त म्हणून निजामास दिला. असईच्या व ह्या मोहिमेच्या पराक्रमाबद्दल वेलस्ली बाथचा ‘नाइट’ झाला. हाच पुढें वॉटर्लूचा वेलिंग्टन.

दिलेलें दान इंग्रजांनीं पन्नास वर्षांत परत घेतलें, आणि तेंहि लढाईवांचून. निजामाच्या नांवानें, पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं जी कंटिंजंट फौज होती, तिच्या खर्चाचें देणें सांचत गेलें. तें पुढें करून डलहौसीनें १८५३ च्या मे महिन्यांत वऱ्हाड ताब्यांत घेतलें. १८६० च्या तहानें कर्ज सुटलें, धाराशीव व रायचूर परत मिळालें. वऱ्हाड अडकलें तें अडकलेंच. लगेच १८६१ सालीं ‘स्टार ऑफ इंडिया’ हा नवा किताब निघाला, तेव्हां पहिल्याच मानकऱ्यांत निजामाचें नांव होतें. दिवाण सालारजंगानें वऱ्हाडासाठीं जन्मभर खटपट केली; १८७६ सालीं तो विलायतेसहि जाऊन आला. तेथें त्याचा मानमरातब उत्तम झाला, ऑक्सफर्डनें पदवी दिली. मागणें तेवढें राहून गेलें.

१९०२ च्या मार्चअखेर कर्झन स्वतः हैदराबादेस जाऊन निजाम महबूब अली खानास भेटला. वऱ्हाड परत मिळण्याची आशा नाहीं, असें एकदां स्पष्ट झाल्यावर निजामानें मान्यता दिली, आणि नोव्हेंबरांत करार झाला. मुलूख सुमारें १७,७०० चौरस मैल, वस्ती साडेसत्तावीस लक्ष, आणि कायमचा खंड सालीना २५ लक्ष रुपये. दरडोई हिशेब केला तर माणशीं जेमतेम साडेचौदा आणे पडतात. १ जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारीं निजाम ‘जी. सी. बी.’ झाला. अडगांवास वऱ्हाड जिंकणाऱ्याच्या छातीवर जें चिन्ह लागलें, त्याचाच वरिष्ठ वर्ग आतां तें सोडणाऱ्याच्या छातीवर आला!

तरीहि ती कोटि निजामावर थोडा अन्याय करते, असें आम्हांस वाटतें. त्यानें किताबासाठीं मुलूख विकला नाहीं. त्याच्या हातांत तो नव्हताच. गेलेल्या वस्तूची पावती तेवढी त्यानें दिली, आणि पावतीवर सोनेरी मोहोर उमटली. खरी खंत निराळी आहे. त्या साडेसत्तावीस लक्षांपैकीं एकासहि कोणी विचारलें नाहीं.

पुढचा निजाम उस्मान अली खान ह्यास १९१८ सालीं ‘ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त’ ही पदवी मिळाली. ह्या दोस्तानें १९२३ सालीं वऱ्हाड परत मागितलें, वऱ्हाडी जनतेस जबाबदार राज्यपद्धति देण्याचेंहि आश्वासन दिलें. १९२६ सालीं लॉर्ड रीडिंगनें उत्तर धाडलें कीं, ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असून तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट होऊं शकत नाहीं. दोस्तीचा अर्थ इतक्या रोखठोकपणें क्वचितच कोणी सांगितला असेल. मग १९३६ च्या करारानें त्याची समजूत काढण्यांत आली: निजाम ‘हैदराबाद व बेरारचा’ म्हणविला जाऊं लागला आणि त्याचा वडील मुलगा आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. कारभार पूर्वींप्रमाणें नागपुराहूनच चालला.

१९४८ सालीं हैदराबादची सत्ता गेली. आझम जाहची पदवी मात्र अखेरपर्यंत त्याच्या नांवाशीं जडून राहिली. १९७० सालीं तो वारला, तेव्हां वऱ्हाड महाराष्ट्र राज्यांत येऊन दहा वर्षें झालीं होतीं.