कोयनेच्या भेगा आणि गणकयंत्राचे गणित

काँक्रीटचे सामर्थ्य प्रयोगशाळेत ठोकळा दाबून मोजता येते. परंतु तेच काँक्रीट भूकंपाच्या हेलकाव्यांत कितपत टिकेल, या प्रश्नाचे उत्तर तो ठोकळा देऊ शकत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे उपस्थित झाला. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, तथापि त्याच्या अनेक खंडांच्या दोन्ही मुखांवर आडव्या भेगा पडल्या.

धरणाचा आराखडा त्या काळच्या प्रघातास धरूनच झाला होता. धरणाच्या वजनाच्या विसाव्या भागाइतके आडवे बल स्थिर मानून ते सर्व उंचीवर सारख्या प्रमाणात लावण्यात येत असे. प्रत्यक्षात धरणाच्या अंतर्मार्गातील यंत्राने नोंदविलेले आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या आसपास होते. मात्र केवळ बलाचा आकडा वाढवून भेगांचा उलगडा होत नाही. कारण त्या पायथ्याशी पडल्या नव्हत्या. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे मागील उतार एकाएकी बदलतो, तेथे त्या पडल्या होत्या.

हे कोडे १९७३ मध्ये बर्कले येथे अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी गणकयंत्राच्या साहाय्याने सोडविले. धरणाचा छेद लहान लहान घटकांत विभागून, जलाशयाच्या पाण्याचा दाब हिशेबात घेऊन, कोयनेतच नोंदलेली कंपने त्यांनी त्या प्रतिरूपास दिली. धरण ताठ न राहता लवचिकपणे डोलते, माथ्याकडे त्वरण वाढत जाते आणि वरचा जड भाग उतार बदलण्याच्या जागी मोठा ताण निर्माण करतो, असे त्यातून दिसून आले. गणिताने दाखविलेला ताण काँक्रीटच्या ताणसामर्थ्यापेक्षा बराच अधिक होता, आणि त्याची जागा भेगांच्या जागेशी जुळत होती.

या गणितासही मर्यादा होती. त्यात काँक्रीट अभंग मानलेले असल्याने भेग कोठे सुरू होईल हे कळे. ती किती खोल जाईल हे कळत नसे. ली व फेन्व्हिस यांनी १९९८ मध्ये तडकणाऱ्या काँक्रीटचे प्रतिरूप मांडले, तेव्हा कसोटीसाठी पुन्हा कोयनाच निवडली. कंपन विरून जाण्याचा गुण, म्हणजे अवमंदन, हाही येथे निर्णायक ठरतो. तो एकट्या काँक्रीटचा गुण नव्हे. पायाचा खडक आणि जलाशयाचे पाणीही कंपनाची ऊर्जा वाहून नेतात. अवमंदन अधिक गृहीत धरले की ताण कमी दिसतो आणि दुबळे धरणही कागदावर सुरक्षित ठरते.

यवतमाळ जिल्ह्यातील पूस, अरुणावती यांसारख्या धरणांचे मुख्य बांध मातीचे आहेत. काँक्रीटसाठी काढलेला आकडा त्यांना लागू पडणार नाही, कारण मातीचे सामर्थ्य कणांच्या घर्षणावर व त्यांमधील पाण्याच्या दाबावर अवलंबून असते. कोयनेची शिकवण मात्र त्यांनाही लागू आहे: प्रतिरूपात गृहीत धरलेला प्रत्येक गुण त्या त्या जागी मोजलेला असावा, आणि गणिताच्या उत्तराची पारख प्रत्यक्ष बांधकामावर व्हावी. कोयनेत ती पारख भेगांनी केली. अन्यत्र ती भेगांपूर्वीच होणे इष्ट होय.