बिशप चॅडचा पदत्याग

पद मिळविण्यासाठीं मनुष्य किती खटाटोप करतो याच्या कथांनीं इतिहासाचीं पानें भरलेलीं आहेत. परंतु मिळालेलें पद निमूटपणें खालीं ठेवणाराचीं उदाहरणें फार थोडीं. सातव्या शतकांत इंग्लंडमध्यें होऊन गेलेला बिशप चॅड हा अशा थोड्यांपैकीं होय. त्याचें चरित्र आपणांस मुख्यतः बीड नांवाच्या मठवासी पंडितानें ७३१ सालीं पुऱ्या केलेल्या इतिहासग्रंथावरून कळतें.

नॉर्थंब्रिया राज्यांतील चार भावांपैकीं तो एक. चौघेही धर्मोपदेशक झाले व त्यांतील दोघे बिशपपदास चढले. लिंडिस्फार्न बेटावरील मठांत एडन या साधुवृत्तीच्या बिशपापाशीं चॅडचें शिक्षण झालें. कांहीं काळ तो आयर्लंडांतही अध्ययनासाठीं राहिला. ६६४ सालीं त्याचा भाऊ सेड सांथीनें वारला आणि सेडनें स्थापिलेल्या लॅस्टिंगहॅमच्या मठाचा भार चॅडवर येऊन पडला.

त्याच सुमारास विल्फ्रिड हा बिशपपदाचा दीक्षाविधि करून घेण्यासाठीं गॉल देशांत गेला होता, तो लवकर परतेना. तेव्हां ऑस्विउ राजानें यॉर्कच्या पदासाठीं चॅडची निवड केली. हा विधि कँटरबरीच्या आर्चबिशपानें करावयाचा. परंतु चॅड तेथें पोंचण्यापूर्वींच तो निवर्तला होता. अखेर वेसेक्सचा बिशप विनी यानें दोन ब्रिटन बिशपांच्या साह्यानें विधि उरकला. हे दोघे ईस्टर सणाचा दिवस रोमच्या रीतीहून निराळा धरीत असत. पुढील घोटाळ्याचें बीज येथेंच पडलें.

पद लाभलें तरी चॅडची वृत्ति पालटली नाहीं. गुरु एडनप्रमाणें तो गांवोगांव पायींच हिंडून उपदेश करी. ६६९ सालीं थिओडोर हा नवा आर्चबिशप आला. तो टार्सस गांवचा, वयानें वृद्ध, पण शिस्तीचा मोठा कडवा. तुझा दीक्षाविधि यथाशास्त्र झालेला नाहीं, असें त्यानें चॅडला स्पष्ट सांगितलें. चॅडनें वाद घातला नाहीं, कीं कोणाकडे दाद मागितली नाहीं. आपण या पदास योग्य आहों असें आपणांस कधींच वाटलें नव्हतें, केवळ आज्ञा म्हणून तें स्वीकारलें, आतां आनंदानें सोडतों, असें त्यानें उत्तर दिलें. तें ऐकून थिओडोरचें मन द्रवलें. बिशपपण टाकण्याचें कारण नाहीं असें म्हणून त्यानें विधींतील उणीव स्वतः भरून काढली. यॉर्क मात्र विल्फ्रिडकडे गेलें व चॅड आपल्या मठांत परतला.

लवकरच मर्सियाचा राजा वुल्फहीर यानें बिशप मागितला, तेव्हां थिओडोरनें चॅडचीच योजना केली. लिचफील्ड हें त्याचें ठाणें झालें. दूरच्या फेऱ्यांस घोड्यावरून जावें असें थिओडोरनें बजावलें. चॅड पायीं चालण्याचा हट्ट सोडीना. शेवटीं त्या वृद्ध आर्चबिशपानें त्याला स्वतःच्या हातांनीं उचलून घोड्यावर बसविलें!

६७८ सालीं विल्फ्रिडचें पद गेलें, तेव्हां तो फिर्याद घेऊन थेट रोमला गेला. त्याला दोष देववत नाहीं. हक्कासाठीं झगडणारीं माणसेंही संस्थेला लागतात. परंतु चॅड झगडला असता तर थिओडोरसारख्या कठोर शास्त्याचें मन त्याला जिंकतां आलें असतें काय?

६७२ सालच्या मार्चच्या २ तारखेस चॅड सांथीनें मरण पावला. लिचफील्डचें पद त्याच्याकडे अवघीं अडीच वर्षें होतें. पण तेथील कॅथीड्रलला त्याचें नांव आजही आहे.