बाटलीत फुललेला बांबू

१९५९च्या सुमाराला मिझो टेकड्यांवर बांबू फुलला. बिया खाऊन उंदीर बेसुमार वाढले, मग भाताच्या शेतांत शिरले. दुष्काळ पडला. तेव्हा मदतीसाठी उभी राहिलेली संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६मध्ये तिनं बंड पुकारलं. एका गवताच्या फुलोऱ्यातून एवढं राजकारण!

हो, बांबू गवतच. पण जातीनुसार १२ ते १२० वर्षांनी फुलणारं. बऱ्याच जातींत सगळी बेटं एकदमच फुलतात, बी धरतात आणि मरतात. त्यामुळे दोन जातींचा संकर करू पाहणाऱ्याची पंचाईत होते. भाताचं पुढचं बी हंगामात हाती येतं, इथे माणूस निवृत्त होतो तरी फूल दिसत नाही.

ही वाट पाहणं पुण्यात संपलं, पण त्याआधी नारळाची गोष्ट सांगायला हवी. १९४१मध्ये व्हॅन ओव्हरबीक यांनी धोतऱ्याचे कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढवले. वसई स्टेशनबाहेर आपण स्ट्रॉ घालून पितो, तेच पाणी. त्यात पेशींना विभागायला लावणारं काहीतरी होतं. तसं काम करणारा पदार्थ १९५५मध्ये विस्कॉन्सिनमध्ये स्कूग आणि मिलर यांच्या गटाला भलतीकडेच सापडला: हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएमध्ये. त्याचं नाव कायनेटिन. दोन वर्षांनी स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या गरावर दाखवलं की ऑक्झिन जास्त असेल तर मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब, आणि दोन्ही बेताचे असतील तर पेशींचा नुसता गोळा वाढत राहतो. दोन आकडे बदलायचे, तीन वेगळे निकाल. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे फारच ओळखीचं वाटतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस हे तिघं बांबूवर काम करत होते. रोपांचे तुकडे नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन घातलेल्या माध्यमावर वाढवले, आणि काही महिन्यांतच काचेच्या बाटलीत बांबू फुलला. बी धरलं, आणि ते रुजलंही. मार्च १९९०मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. रसायनांच्या प्रयोगशाळेतून, तेही वनस्पतीबद्दल!

शेतात मात्र क्रांती झाली नाही. १९२७च्या वन कायद्यानं बांबूला 'झाड' ठरवलं होतं, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही परवान्यांची कटकट होती. जंगलाबाहेरच्या बांबूला त्यातून सूट मिळायला २०१७ उजाडलं. बाटलीतल्या बांबूला काही महिने लागले, कायद्याला ९० वर्षं.

आता टिश्यू कल्चरची रोपं सहज मिळतात. जव्हार-मोखाड्याकडे कोणी ती लावणार असेल, तर विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा: हे रोप बियापासूनचं की जुन्या बेटाच्या तुकड्यापासूनचं? तुकडा आपल्या आईचं वय सोबत घेऊन येतो. बेट फुलायला आलेलं असेल, तर नवं रोपही तिच्याबरोबरच फुलून मरू शकतं. बियापासून आलेलं रोप वर्षं पहिल्यापासून मोजतं.